अंदाजाचे हात, मापाची औषधं

कळंबच्या आमच्या माळवदाच्या घरात तराजू होता, पण तो ओसरीवर, ज्वारी-तूर घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यापुढं. चुलीपाशी त्याला कधी शिरकाव मिळाला नाही. तिथं मोठीआई म्हणजे आमची आजी, मोठ्या काकू, मधल्या काकू आणि आई यांच्या हातांचं राज्य. कालवणाला मीठ किती, बाळंतिणीच्या लाडवात डिंक किती, तापलेल्या लेकराला काढा किती, सगळं चिमटीनं आणि ओंजळीनं ठरायचं. कुणी सुनेनं माप विचारलं की मोठीआई म्हणायची, "बघून घालावं बाई, सांगून येत न्हाई ते."

आम्ही चुलत-सख्खी भावंडं १९६० ते ७५च्या दरम्यान जन्मलेली. आता दिवाळीला जमतो तेव्हा फराळाआधी प्रत्येकाच्या पिशवीतून गोळ्यांचा डबा निघतो. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाचं थायरॉइड. दोन-तीन वर्षांपूर्वी या बैठकीत मधल्या काकूंची नात, म्हणजे आमची पुतणी, आली. ती पुण्यात औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. काय करतेस, असं ताईनं विचारलं. ती म्हणाली, झाडापाल्यातून मिळणाऱ्या पॉलिमरचे नॅनोकण बनवते. त्यांत औषध भरायचं आणि तोंडानं घेतलेलं ते औषध पोटात हवं तिथं, हव्या वेगानं सुटेल असं बघायचं. मग तिनं कच्चा माल मोजून दाखवला: धावड्याचा डिंक, चिंचोका, गवारीचं बी, इसबगोल, मक्यातलं प्रथिन. ताई हसायलाच लागली. "अगं, ही तर मोठीआईची उतरंड झाली!"

त्या दिवसापासून आमच्या गप्पांना हा एक धागा मिळाला.

थंडी पडली की डिंकाचे लाडू व्हायचे. बाभळीचा डिंक आम्ही पोरं मांजरा नदीच्या काठावरून, बांधावरून खरवडून आणायचो आणि निम्मा वाटेतच खाऊन टाकायचो. लाडवाला मात्र वाण्याकडचा धावड्याचाच लागे. मोठीआई पुडी सोडून तिथल्या तिथं निवड करी. फिकट, आरपार दिसणारे खडे एकीकडं. तांबूस, काळपट, सालीचा तुकडा अडकलेले दुसरीकडं. पहिले लाडवात जात. दुसरे भिजवून आमच्या पतंगांना आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांना. तळताना डिंक तुपात फुलला पाहिजे, नाहीतर दाताला चिकटून बसतो. एखाद्या वर्षी तो मनासारखा फुलत नसे. "यंदाचा डिंक हट्टी हाय," असं म्हणून ती जाळ कमी करायची, खडे आणखी बारीक कुटायची, आणि लाडू दरवर्षीच्या चवीचेच उतरायचे.

डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्या; अशा साखळ्यांनाच पॉलिमर म्हणतात. झाडाला जखम झाली की ते तिच्यावर हा लेप चढवतं. साखळ्यांत पाणी शिरलं की त्या फुगतात, चिकट होतात आणि आत अडकलेली वस्तू सहजासहजी सोडत नाहीत. औषध बनवणाऱ्यांना डिंक हवा असतो तो याच गुणासाठी.

चिंचोक्याचं तसंच. उन्हाळ्यात परसातली चिंच उतरवली की आठवडाभर घरातल्या आणि गल्लीतल्या बायका चिंचा फोडत बसत. गर मीठ लावून माठात, उरलेला बार्शीच्या पेठेत. चिंचोक्यांवर पहिला हक्क आमचा, कारण फोडलेल्या चिंचोक्यांशिवाय पट खेळता येत नसे. बाकीचे घोंगड्या विणणाऱ्यांकडं जात. ते चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, शिजवून त्यांची खळ करत. ती खळ चढली की घोंगडी ताठ उभी राही. या खळीतल्या मुख्य पॉलिमरचं नाव झायलोग्लुकन. कापडगिरण्यांनी तिचा वापर केला, जपानमध्ये ती खाद्यपदार्थ दाट करायला वापरतात. आपल्या शरीरातल्या ओलसर अस्तराला ती चांगली चिकटून राहते, हे कळल्यावर कोरड्या डोळ्यांच्या थेंबांतही ती आली. आतड्याचं अस्तरही ओलसरच असतं. तिथं औषध थोडा वेळ धरून ठेवायचं, तर चिंचोका उपयोगी पडेल, हा विचार तिथूनच पुढं गेला.

पण आमच्या घराला औषधाची खरी ओळख झाली ती तात्यांच्या आजारपणात. तात्या म्हणजे थोरले चुलते. त्यांना टीबी झाला तेव्हा आमच्यातले मोठे शाळेत जायला लागले होते, बाकीचे पाळण्यात किंवा अजून जन्मायचे होते. नातेवाईक म्हणत होते, मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये ठेवा. कळंब रोड स्टेशनावरून बार्शी लाइट रेल्वेची लातूर-मिरज छोटी गाडी सरळ मिरजेला जायची. तात्या गेले नाहीत. डॉक्टरांनी घरीच उपचार सांगितले, आणि त्यामागं आपल्याच देशातला एक मोठा पुरावा होता. मद्रासमध्ये १९५६पासून केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून एक वर्ष तीच औषधं दिली होती. १९५९मध्ये निष्कर्ष आले: औषध नेमानं घेतलं तर घरी राहूनही रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढत नाही. जगभर टीबीचे उपचार दवाखान्यातून घरी आले ते या अभ्यासामुळं.

औषध नेमानं घेतलं तर! हे चार शब्द आमच्याकडं मोठ्या काकूंच्या वाट्याला आले. त्या काळी पीएएस नावाचं औषध दिवसाला दहा-दहा ग्रॅमपर्यंत घ्यावं लागे. म्हणजे गोळ्यांची अक्षरशः मूठ. तोंड कडू, पोटात मळमळ, जेवण नको. सोबत आयसोनियाझिड, सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची सुई. बरं वाटायला लागलं की तात्या म्हणत, "आता बास." मोठ्या काकू ताक, गूळ, दटावणी, देवाची शपथ, जे चालेल ते वापरून मूठ त्यांच्या गळ्याखाली उतरवत. शेतावर गेले तर डबा घेऊन शेतावर. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला सगळं घर गाडीत बसलं, तेव्हाही काकूंच्या ओच्यात पुडी होतीच. घरात घड्याळ एकच, ते ओसरीवर. काकूंना ते वाचता येत नव्हतं. सावली जोत्याच्या कोणत्या दगडावर आली की कोणता डोस, हे त्यांनी डोक्यात बसवलं होतं.

तात्या बरे झाले. त्याचं श्रेय औषधाला मिळालं, डॉक्टरांना मिळालं, येडेश्वरीलाही मिळालं. वर्षभर वेळ सांभाळणाऱ्या बाईला कुणी नारळ दिला नाही.

औषध स्वतःच वेळ सांभाळू शकतं, हे आम्ही पोरांनी पहिल्यांदा पाहिलं ते धाकट्या आत्याच्या बाळंतपणाच्या वेळी. ती पोटुशी असताना तिला लोहाची फेफॉल स्पॅन्सुल दिली होती. कॅप्सूल हलवली की आत बारीक दाणे खुळखुळत. आम्ही एक पळवली, उघडली आणि दाण्यांची वाटणी केली. आत्यानं पाठीत घातलेला धपाटा आजही दादा सगळ्यांना सांगतो. या दाण्यांची कल्पना अमेरिकेतल्या स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीनं १९५२मध्ये बाजारात आणली होती. प्रत्येक दाण्यावर कमी-जास्त जाडीचा लेप. पातळ लेपाचे दाणे आधी विरघळणार, जाड लेपाचे नंतर. एकदा गिळलेली कॅप्सूल दहा-बारा तास काम करत राहणार.

नंतर हीच युक्ती आईच्या वाट्याला आली. तिला मधुमेह निघाला. पहिल्यांदा मेटफॉर्मिन दिवसातून तीन वेळा. सकाळची गोळी होई, रात्रीची होई, दुपारची हटकून राही, कारण दुपारी ती घरातल्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची आणि तोवर गोळी विसरलेली असायची. पुढं डॉक्टरांनी दिवसातून एकदाची, हळूहळू सुटणारी गोळी दिली. पाकिटावर नावापुढं 'एसआर' लिहिलेलं. तिला ती गोळी मानवली, पण आठवड्यानं तिनं आम्हा भावंडांना गंभीरपणे बोलावून सांगितलं, "ही गोळी मला पचत न्हाई. जशीच्या तशी बाहेर पडायली." अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मेडिकलवाल्याला विचारलं. तो हसून म्हणाला, औषध गेलंय आत, बाहेर येतंय ते नुसतं घर.

ते घर कशाचं, हे पुतणीनं आम्हाला परवा सांगितलं. अशा गोळ्यांत बऱ्याचदा एचपीएमसी नावाचा पदार्थ असतो. तो सेल्युलोजपासून करतात, आणि सेल्युलोज येतं लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापसातून. पोटातलं पाणी लागलं की गोळीचा बाहेरचा थर भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा फुगून बुळबुळीत होतो. औषधाला त्या थरातून वाट काढत यावं लागतं, म्हणून ते हळू येतं. सगळं औषध संपलं तरी फुगलेला सांगाडा उरतो आणि कधी कधी तसाच बाहेर पडतो. ज्या कापसापायी अण्णा आयुष्यभर बोंडअळीशी भांडले, त्याच्या सरकीवरची लव आईच्या पोटात तिची वेळ सांभाळत असेल, ही कल्पना आम्हाला फार आवडली.

मग आता नॅनो कशाला? पुतणी म्हणाली, काही औषधांची अडचण वेळेची नसते, ती आतड्याच्या भिंतीतून आतच जात नाहीत. काही पाण्यात विरघळत नाहीत, काहींना जठरातलं आम्ल मोडून टाकतं. तिथं औषध अतिसूक्ष्म कणांत भरलं तर फरक पडू शकतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. औषधाचे हे कण बहुधा शंभर ते काही शे नॅनोमीटरचे. कण जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं मोठा. तो अस्तराला चिकटतो, औषध लवकर पाण्यात उतरतं. आणि भोवतालचं पॉलिमर नीट निवडलं, तर कण कुठं उघडायचा तेही ठरवता येतं. गवारीच्या बियांचा डिंक किंवा फळांतलं पेक्टिन जठर आणि लहान आतडं जवळपास तसंच ओलांडतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र ते खाऊन टाकतात. म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुखण्यावरचं औषध त्यात गुंडाळलं, तर ते तिथं पोचल्यावर सुटेल. आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाअखेर गवारीच्या डिंकावर असं काम केलेलं आहे.

हळदीची गोष्ट तर सगळ्या घरानं वेगळ्या कारणानं लक्षात ठेवलेली. अमेरिकेत १९९५मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरनं लढून १९९७मध्ये ते रद्द करवलं. अण्णांनी ती बातमी ओसरीवर मोठ्यानं वाचली होती. मोठीआई तेव्हा थकली होती. तिला पेटंट म्हणजे काय ते समजावल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मग आता हळद लावायला इचारावं लागंल का?"

आम्हाला अभिमान वाटला, वाटायलाच हवा होता. पण हळदीची पुढची अडचण त्या खटल्यात नव्हती. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून फारच थोडं रक्तात जातं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पिपेरिन दिलं तर ते कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं. आणि २०११मध्ये जपानी संशोधकांनी कुरकुमिन दळून सुमारे १९० नॅनोमीटरच्या कणांवर आणलं. हे कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांनी वापरला तो घट्टी डिंक, म्हणजे आपला धावड्याचा. माणसांवरच्या चाचणीत रक्तातलं कुरकुमिन साध्या भुकटीपेक्षा सत्तावीस पट मिळालं. थेराकुरमिन या नावानं ते विकलंही जातं, पूरक आहार म्हणून.

हे ऐकल्यावर दादा उसळला. "म्हणजे हळद आपली, डिंक आपला आणि डबी त्यांची! मोठीआई दोन्ही एकाच चुलीवर वापरायची." पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, वापरायची. पण हळद दुधात आणि डिंक लाडवात. दोन्ही एकत्र दळून, कण मोजून, रक्त तपासून कुणी पाहिलं नव्हतं." दादाला ते रुचलं नाही. मला मात्र तिचं पटलं. आमच्या पिढीला एक सवय लागली आहे: नवं काही कळलं की "हे आमच्या आजीला ठाऊकच होतं" म्हणायचं. मोठीआईला डिंकाचा स्वभाव ठाऊक होता, औषधाचा नव्हे. आणि जास्त शोषण म्हणजे जास्त गुण, असंही नाही. इटलीत २०१९मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या लोकांत यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढं आली. भाजीतली हळद आणि शोषण वाढवलेली हळद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीला माप लागतं.

माप किती काटेकोर, ते पुतणीच्या तोंडून ऐकावं. डिंक पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, अल्कोहोल घालून पुन्हा घट्ट करून वेगळा काढायचा, वाळवायचा, चाळायचा. मक्यातलं प्रथिन झीन. ते १८२१मध्येच वेगळं काढलेलं आहे. ते पाण्यात विरघळत नाही, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्या द्रावात औषध घालून ते ढवळत्या पाण्यात सोडलं की पाणी दुधाळ होतं. ते दूध म्हणजेच नॅनोकण. लेझरच्या प्रकाशात त्यांचा आकार मोजायचा. मग माणसाच्या अंगाइतक्या, म्हणजे ३७ अंश तापमानाला, दोन तास जठराइतक्या आंबट द्रावात, पीएच १.२मध्ये, आणि नंतर आतड्याजोग्या ६.८ पीएचमध्ये ठेवून दर थोड्या वेळानं किती औषध सुटलं ते बघायचं. बऱ्याचदा कणाच्या पृष्ठभागावरचं औषध पहिल्या तासातच भसकन सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तिची सगळ्यांत मोठी डोकेदुखी मात्र वेगळीच निघाली. "डिंक प्रत्येक वेळी वेगळा येतो," ती म्हणाली. झाड वेगळं, माती वेगळी, पाऊस वेगळा, तोडणीचा महिना वेगळा. त्याबरोबर चिकटपणा बदलतो, रंग बदलतो, त्यात वाढणारी बुरशी आणि जिवाणू बदलतात. कारखान्यात बनवलेलं पॉलिमर दरवेळी जवळपास सारखं मिळतं, झाडाचं मिळत नाही. स्वस्त, मुबलक, पोटाला निरुपद्रवी असूनही ते औषधाच्या कारखान्यात अडतं, त्यात हे मोठं कारण. आणि म्हणूनच अशा नॅनोकणांवर शोधनिबंधांचे ढीग असले, तरी डॉक्टरांनी लिहून द्यायची अशी गोळी आपल्या मेडिकलच्या फळीवर दिसत नाही.

यंदाचा डिंक हट्टी! मोठीआई हट्टी डिंकाशी जमवून घ्यायची, कारण ती स्वतः चुलीसमोर होती. जाळ तिच्या हातात, झारा तिच्या हातात, आणि चुकलंच तर लाडू थोडे चिकट. गोळी गिळल्यावर पोटात कुणी बसलेलं नसतं. तिथं जे काही जमवायचं ते आधीच जमवून गोळीत घालावं लागतं, आणि चुकलं तर लाडवावर भागत नाही. त्या चौघींचा अंदाज हे खरं ज्ञान होतं, पण ते ज्याच्या त्याच्या हाताबरोबर जायचं. मोठीआई गेल्यावर तसे लाडू मोठ्या काकूंनाही जमले नाहीत. माप अनोळखी माणसाला देता येतं, हा त्याचा मोठेपणा.

टीबीच्या औषधांवरही नॅनोकणांचं हे काम झालं आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. जी. के. खुल्लर यांच्या गटानं २०००नंतरच्या दशकात समुद्रशेवाळातल्या अल्जिनेटसह वेगवेगळ्या पॉलिमरच्या नॅनोकणांत टीबीची औषधं भरून प्राण्यांवर प्रयोग केले. २००३च्या एका प्रयोगात लॅक्टिक-ग्लायकोलिक पॉलिमरचे कण उंदरांना दर दहा दिवसांनी एकदा, असे पाच वेळा तोंडानं दिले आणि त्यांच्या अवयवांत टीबीचे जंतू सापडले नाहीत. उंदरांपासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. ती औषधं अजून तिथं पोचलेली नाहीत. पण दहा दिवसांतून एकदा, हे ऐकून आम्ही सगळ्यांनी एकदमच मोठ्या काकूंचं नाव घेतलं. हे संशोधन कुणासाठी, असं विचारलं तर उत्तर आमच्याकडं आहे. सावलीवर डोस सांभाळणाऱ्या आणि दुपारची स्वतःची गोळी विसरणाऱ्या बायकांसाठी.

त्या पिढीकडून आमच्याकडं आलेली एक सवय मात्र मोडावी लागते आहे. गोळी मोठी दिसली किंवा महाग वाटली की घरात ती अडकित्त्यानं अर्धी करत. अर्धी आज, अर्धी उद्या. साध्या गोळीला ते कधी चालून जाई. हळू सुटणाऱ्या गोळीला चालत नाही. तिचा थर फुटला की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येऊ शकतं. आईची तीच एसआर गोळी आता दादा घेतो, आणि तिच्यासारखाच काटकसरी आहे. पुतणीनं भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकलंय: पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर दिसलं तर गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही, गिळायला जड जात असेल तर डॉक्टरांना विचारायचं. दादानं खाली अंगठा टाकला. वहिनीनं लगेच दुसरा संदेश टाकला, "अडकित्ता मी लपवलाय."